मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर: नाव १९५९ चं, ग्रेड २०२२ ची

मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये हल्ली ‘हाय ग्रेड’ किंवा ‘लो ग्रेड’ अशी ओळ असते. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली गाठ किती आक्रमक दिसते याचा दर्जा. ही ओळ अगदी अलीकडची. स्तनाच्या गाठीला ग्रेड देण्याची पद्धत कित्येक दशकं जुनी आहे, या गाठीला मात्र ती मिळायला साठ वर्षं गेली.

नाव १९५९ सालचं. अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी २१ रुग्णांवरून ही गाठ वेगळी काढली. पेशींचे भरीव गठ्ठे, थायरॉइडच्या नेहमीच्या गोल फॉलिकलचा, म्हणजे पेशींच्या छोट्या पिशव्यांचा, पत्ता नाही. अशी गाठ तोवर ॲनाप्लास्टिक या थायरॉइडच्या अतिघातक कॅन्सरमध्ये जमा व्हायची. पण हे रुग्ण त्या मानाने बरीच वर्षं जगत होते. खरी खूण होती पेशींच्या मधे साचलेलं ॲमिलॉइड नावाचं प्रथिन. काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशात धरलं की ते हिरवं चमकतं. पुस्तकं त्याला सफरचंदी हिरवा म्हणतात. आपण सरळ पोपटी म्हणावं.

१९६६ मध्ये ई. डी. विल्यम्स यांनी या गाठीचं मूळ थायरॉइडमधल्या सी-पेशींत दाखवलं. याच पेशी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवतात, आणि ते ॲमिलॉइडही कॅल्सिटोनिनचंच निघालं. १९९३ मध्ये आनुवंशिक प्रकारामागे रेट या जनुकातला बिघाड आहे हे कळलं. सुमारे चौथा हिस्सा रुग्ण या प्रकारातले.

म्हणजे निदान पक्कं झालं. पुढे काय होणार, हे मात्र वय, स्टेज आणि रक्तातलं कॅल्सिटोनिन किती वेगाने दुप्पट होतं यावरूनच ठरवायचं. ॲमिलॉइड कमी की जास्त, पेशी गोल की लांबट, यातून भरवशाचं काही हाती लागत नव्हतं. शिवाय गाठ दुर्मीळ, त्यामुळे एकाच हॉस्पिटलच्या कपाटात पुरेशा स्लाइड कुठून असणार?

२०२० मध्ये सिडनी आणि न्यूयॉर्कच्या गटांनी आपापली पद्धत मांडली. मग अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या पाच केंद्रांनी ३२७ रुग्ण एकत्र तपासले आणि २०२२ मध्ये एकच निकष आला: गाठीत मेलेल्या पेशींचे भाग, २ चौरस मिलिमीटरमध्ये ५ किंवा अधिक पेशीविभाजनं, किंवा केआय-६७ (वाढत्या पेशी दाखवणारी खूण) किमान ५ टक्के पेशींत. यांतलं एक जरी असलं तरी हाय ग्रेड.

पहिल्या दोन गोष्टी साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर दिसतात. १९५९ च्या काचांवरही त्या दिसल्या असत्या, कुणी मोजल्या असत्या तर.