सॉफ्टबॉल लीग, हौशी (प्रौढ) : नियम व संचालन

नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांच्या संघांमध्ये, ठरावीक हंगामात आणि बहुधा सुटीच्या दिवशी खेळली जाणारी सॉफ्टबॉलची (बेसबॉलसारख्या, पण मोठ्या चेंडूने व लहान मैदानावर खेळल्या जाणाऱ्या खेळाची) साखळी स्पर्धा. अशा स्पर्धेला दोन प्रकारचे नियम लागतात. चेंडू कसा टाकावा, बॅटर केव्हा बाद होतो, धाव केव्हा मोजावी हे खेळाचे नियम जागतिक व राष्ट्रीय संघटना ठरवतात आणि स्थानिक लीगने त्यांत शक्यतो हात घालू नये. पात्रता, वेळ, मैदान, पंच, तक्रारी आणि पैसा यांविषयीचे नियम लीगला स्वतःच करावे लागतात. हौशी लीग मोडतात त्या बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारच्या नियमांत राहिलेल्या फटींमुळे. म्हणून प्रस्तुत नोंदीत भर त्यांच्यावर आहे. स्थानिक परिस्थितीची उदाहरणे इंदूरची घेतली आहेत.

या खेळाचा उगम १८८७ साली शिकागो येथील फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जमलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली, आणि त्यांच्यातील जॉर्ज हॅनकॉक यांनी या गमतीला नियमांची चौकट दिली. मिनीॲपोलिसच्या अग्निशामक दलातील लुईस रोबर यांनी १८९५ मध्ये आपल्या जवानांना फावल्या वेळात व्यायाम व्हावा म्हणून असाच खेळ उघड्यावर खेळवला. सॉफ्टबॉल हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हाकन्सन यांनी सुचवले. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा भरली आणि त्याच वर्षी अमेरिकेत हौशी सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तोवर गावोगावी चेंडूचा आकारही वेगळा असे. स्त्रियांचा फास्टपिच (वेगवान चेंडूफेकीचा) सॉफ्टबॉल १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिकमध्ये आणि पुढे टोकियो येथे खेळला गेला. भारतात राष्ट्रीय संघटनेची स्थापना १९६१ मध्ये जोधपूर येथे झाली. आपल्याकडे हा खेळ मुख्यत्वे शालेय, आंतरविद्यापीठ आणि राज्य पातळीवरील निवड स्पर्धांच्या साखळीत रुजला, त्यामुळे शिक्षण संपले की खेळाडूचा खेळही बहुधा संपतो. हौशी प्रौढ लीगची गरज नेमकी तिथे निर्माण होते.

लीगपुढचा पहिला निर्णय फास्टपिच की स्लोपिच (संथ चेंडूफेकीचा प्रकार) हा असतो, आणि बाकीचे बरेच नियम त्यावरून ठरतात. फास्टपिचमध्ये मैदानात नऊ खेळाडू असतात, बेसमधील (धावताना गाठायच्या चौकोनाच्या कोपऱ्यांमधील) अंतर ६० फूट (१८.२९ मीटर) असते, आणि पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) स्त्रियांसाठी ४३ फूट (१३.११ मीटर), तर पुरुषांसाठी ४६ फूट (१४.०२ मीटर) अंतरावरून चेंडू टाकतो. हात पूर्ण फिरवून वेगाने चेंडू टाकणारा एक जरी कसलेला पिचर एखाद्या संघात असला, तरी सुटीपुरते खेळणारे बॅटर त्याच्यापुढे हतबल होतात आणि अख्खी लीग त्या एका माणसाची होते. स्लोपिचमध्ये दहावा खेळाडू मिळतो, पिचर ५० फुटांवरून (१५.२४ मीटर) चेंडू उंच कमानीत टाकतो, कमान जमिनीपासून किमान ६ फूट उंच जावी लागते, आणि बंट करणे (बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ पाडणे) किंवा बेस चोरणे (चेंडू मारला गेला नसताना पुढच्या बेसकडे धावणे) वर्ज्य असते. जवळजवळ प्रत्येक चेंडू मारण्याजोगा असल्याने मैदानातल्या सर्वांना काम मिळते. प्रौढ हौशी लीगने स्लोपिचच निवडावा, हे जगभरच्या अनुभवाला धरून आहे. दोन्ही प्रकारांत सामना सात डावांचा असतो. चेंडू सामान्यतः १२ इंच परिघाचा आणि सुमारे १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा वापरतात. स्लोपिचमध्ये स्त्रियांसाठी ११ इंची चेंडूही वापरला जातो. बॅटची लांबी ३४ इंचांपेक्षा आणि जाडी सव्वादोन इंचांपेक्षा अधिक असू नये. चेंडू नेहमी लीगने पुरवावा. बॅट संघाची चालते, पण सामन्यापूर्वी पंचांनी ती हातात घेऊन तडे, सैल मूठ आणि आतला खुळखुळाट तपासलाच पाहिजे.

इंदूर हे क्रिकेटचे शहर आहे. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि कर्नल सी. के. नायडू यांचे नाव येथे आजही घरातल्या माणसासारखे घेतले जाते. त्यामुळे अशा शहरातील लीगमध्ये येणारा नवा खेळाडू क्रिकेटच्या सवयी घेऊनच येतो आणि नियमपुस्तिकेने त्या गृहीत धराव्यात. असा खेळाडू चेंडू मारल्यावर बॅट हातात घेऊन धावतो, किंवा ऐनवेळी आठवण होऊन ती मागे भिरकावतो. कॅचर (बॅटरमागे उभा राहून चेंडू झेलणारा खेळाडू) आणि पंच तिथेच असल्याने हे दुसरे फार धोक्याचे. पहिल्या वेळी ताकीद आणि त्यानंतर बॅटर बाद, हा अनेक लीगमधील नियम येथे अगदी आवश्यक ठरतो. यष्टीमागे हलकेच चेंडू वळवण्याचे कसब सॉफ्टबॉलमध्ये फाउल (हद्दीच्या रेषांबाहेर गेलेला फटका) ठरते, आणि स्लोपिचमध्ये दोन स्ट्राइकनंतरचा (हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या योग्य चेंडूंनंतरचा) फाउल म्हणजे बाद, हेही मुरलेल्या क्रिकेटपटूच्या पचनी पडायला वेळ लागतो. चेंडू मारून तो मैदानात गेला तरी धावायचे की नाही याची निवड क्रिकेटमध्ये असते, येथे नसते. पहिल्या बेसवर पोहोचल्यावर सरळ पुढे धावत जाण्याची मुभा आहे, दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर नाही. हंगामापूर्वी एका सकाळी सर्व संघांना एकत्र बोलावून हे मैदानावर करून दाखवले, तर पुढचे निम्मे वाद टळतात.

मैदान सहसा क्रिकेटबरोबर वाटून घ्यावे लागते. आखणी करताना क्रिकेटची कडक खेळपट्टी इन्फिल्डमध्ये (बेसच्या चौकोनाच्या भागात) येणार नाही अशा कोपऱ्यात होमप्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) ठेवावी, कारण तिच्यावरून जमिनीलगतचा चेंडू अचानक उसळून तोंडावर येतो. चौकोन आखण्याची सोपी रीत अशी : होमप्लेटच्या मागच्या टोकाला दोरी बांधून, मैदानाच्या मध्यरेषेवर ८४ फूट सव्वादहा इंचांवर (२५.८६ मीटर) दुसऱ्या बेसची खूण करावी; मग १२० फुटांच्या दोरीचे एक टोक होमप्लेटवर व दुसरे त्या खुणेवर धरून, दोरीचा नेमका मध्य उजवीकडे ताणला की पहिला बेस आणि डावीकडे ताणला की तिसरा बेस मिळतो. हे माप ६० फुटी चौकोनाचे झाले. प्रौढांच्या स्लोपिचमध्ये बेसमधील अंतर ६५ किंवा ७० फूट ठेवतात, तेव्हा दोऱ्या त्या प्रमाणात वाढवाव्या लागतात. रेषा फक्कीने मारतात. पहिल्या बेसला दुहेरी बेस असावा. त्याचा पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा आणि फाउल रेषेबाहेरचा रंगीत भाग धावणाऱ्याचा असल्याने दोघांची टक्कर टळते. माळव्याची काळी माती पावसात चिकट होते आणि वाळल्यावर दगडासारखी कडक होऊन भेगाळते. तिच्यावर घसरत बेस गाठणे म्हणजे गुडघे-कोपरे सोलून घेणे. बेसभोवती मुरूम किंवा वाळूचा थर नसेल, तर लीगने घसरण्यावर सरळ बंदी घालावी. होमप्लेटवर कॅचरला धडक देणारा धावक बाद, हा नियम मात्र कुठल्याही मातीवर लागू आहे.

पात्रतेचा नियम हा लीगचा कणा. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत, एका हंगामात एका खेळाडूने एकाच संघाकडून खेळावे, आणि संघाची यादी छायाचित्रासह पहिल्या सामन्यापूर्वी द्यावी, एवढे सर्वत्र सारखे असते. खरा प्रश्न बाहेरून आणलेल्या तगड्या खेळाडूचा आहे. साखळीत मागे पडलेला संघ बाद फेरीच्या सकाळी राज्य पातळीवरचा पिचर किंवा विद्यापीठ संघातले दोघे-तिघे घेऊन येतो. चुलतभाऊ म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते, आणि बरेचदा ते खरोखरच चुलतभाऊ असतात! नात्यागोत्याचा युक्तिवाद टाळण्यासाठी नियम मोजता येण्यासारखा हवा. नोंदणी हंगामाच्या मध्याला कायमची बंद करणे, साखळीतील किमान तीन सामने खेळलेल्यालाच बाद फेरीत उतरू देणे, आणि चालू वर्षात राज्य, राष्ट्रीय किंवा विद्यापीठ संघाकडून खेळलेल्यांची संख्या प्रत्येक संघात दोनपर्यंत मर्यादित ठेवणे, हे तीन नियम एकत्र असले तर पळवाट फारशी उरत नाही. त्या दोघांना पूर्ण मज्जाव करणे योग्य नव्हे. चांगल्या खेळाडूच्या शेजारी उभे राहूनच बाकीचे शिकतात. अपात्र खेळाडू उतरवल्यास सामना ७-० असा गमावलेला मानतात. ही शिक्षा संघाला होते, त्याखेरीज संघनायकालाही एका सामन्याची बंदी असावी, कारण यादीवर सही त्याची असते.

याच्या उलट अडचण खेळाडू कमी पडण्याची. लग्नसराईत रविवारी दहा जण जमवणे कोणत्याही संघनायकाला जड जाते. म्हणून आठ खेळाडूंनिशी सामना सुरू करण्याची मुभा बहुतेक हौशी लीग देतात. मात्र रिकाम्या जागेची बॅटिंगची पाळी आली की एक बाद धरला जाईल की नाही, हे आधीच लिहिलेले असावे. प्रतिस्पर्धी संघनायकाच्या संमतीने दुसऱ्या संघातील पाहुणा घेता येतो, पण त्याने शेवटच्या क्रमांकावर बॅटिंग करावी आणि पिचर होऊ नये. वेळेच्या सवलतीनंतरही, म्हणजे साधारण दहा ते पंधरा मिनिटांनीही, आठ जण उभे राहिले नाहीत तर समोरच्या संघाला पुढे चाल मिळते.

स्त्रीपुरुषांच्या मिश्र संघात प्रत्येकी पाच जण असतात आणि बॅटिंगचा क्रम एकाआड एक ठेवतात. पुरुष बॅटरला मुद्दाम चार बॉल (चुकीचे चेंडू, ज्यांवर त्याला पहिला बेस फुकट मिळतो) देऊन मागची स्त्री बॅटर गाठण्याची युक्ती संघ फार लवकर शिकतात. तिला उतारा म्हणून अशा पुरुषाला थेट दुसरा बेस देण्याचा नियम अमेरिकेतील मिश्र स्पर्धांत रूढ आहे आणि तो जसाच्या तसा उचलावा.

वेळापत्रक साध्या गणिताने ठरते. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले तर २८ सामने होतात. एका मैदानावर दर रविवारी चार सामने धरले तर सात रविवार पुरतात. इंदुरात पावसाळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जातो, त्यामुळे दिवाळीनंतर सुरुवात करून रंगपंचमीच्या गेरपूर्वी (रंगांच्या मिरवणुकीपूर्वी) अंतिम सामना उरकणे सोयीचे. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो. पहिला सामना साडेसातला ठेवल्यास चेंडू नीट दिसतो आणि शेवटचा सामना दुपारी साडेबारापर्यंत आटोपतो. त्यासाठी ६० मिनिटांनंतर नवा डाव सुरू न करण्याची मर्यादा लागते. एकतर्फी सामना लवकर संपवण्यासाठी आघाडीचा नियम असतो; उदाहरणार्थ, फास्टपिचच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तीन डावांनंतर १५, चार डावांनंतर १० किंवा पाच डावांनंतर ७ धावांची आघाडी पुरेशी मानतात. पाऊस किंवा अंधुक प्रकाशाने खेळ थांबला तर पाच डाव पूर्ण झालेला सामना ग्राह्य धरतात. गुणतक्त्यात बरोबरी झाल्यास आधी आपसातील सामन्याचा निकाल आणि मग धावांतील फरक पाहावा, पण एका सामन्यातील फरक दहापर्यंतच मोजावा. नाहीतर दुबळ्या संघावर धावांचा डोंगर रचण्याचा मोह होतो.

होमप्लेटमागचा पंच मानधन घेणारा आणि तटस्थ असावा. बेसवरचा पंच पुढच्या सामन्याची वाट पाहणाऱ्या संघाने पुरवण्याची पद्धत स्वस्त पडते, आणि तिचा एक अनपेक्षित फायदा असा, की एकदा स्वतः पंचगिरी केलेला खेळाडू पुढे कमी आरडाओरडा करतो. तक्रारींबाबत एक रेघ स्पष्ट ओढलेली असावी. धावक आधी पोहोचला की चेंडू, चेंडू स्ट्राइक होता की बॉल, हे पंचांच्या नजरेचे निर्णय असून त्यांवर तक्रार चालत नाही. मोबाइलवरचे चित्रीकरणही त्यासाठी ग्राह्य धरू नये. नियम चुकीचा लावला गेला असेल तर तक्रार चालते, पण ती पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी संघनायकाने पंचांना सांगून गुणपत्रकात नोंदवलेली हवी. समितीने ती मान्य केल्यास सामना त्याच क्षणापासून पुन्हा खेळवतात. अपात्र खेळाडूविषयीची तक्रार याला अपवाद असून ती नंतरही करता येते. ज्या सामन्याविषयी तक्रार आहे, त्यातील संघांचा सदस्य समितीत त्या दिवशी बसू नये.

प्रवेशशुल्कातून मैदानाचे भाडे, चेंडू, पंचांचे मानधन व प्रथमोपचाराची पेटी भागवावी आणि हिशेब सर्व संघांना दाखवावा. रोख बक्षीस ठेवू नये, कारण बाहेरचे खेळाडू आणण्याची स्पर्धा तिथूनच सुरू होते, करंडक पुरे. फास्टपिच असल्यास बॅटर व धावकांना हेल्मेट आणि कॅचरला मुखवटा सक्तीचा असावा, आणि स्लोपिचच्या पिचरनेही चेहऱ्याचे संरक्षक वापरणे शहाणपणाचे आहे. विजा चमकू लागल्यास खेळ थांबवून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबतात. मैदानावर मद्य, गुटखा आणि शिवीगाळ यांना बंदी असते. सामन्यानंतरच्या पोहे-जिलबीचे कागद व द्रोण त्या त्या संघाने उचलावेत, असे कलम स्वच्छतेबाबत काटेकोर असलेल्या इंदुरात वेगळे लिहावे लागू नये, तरी ते लिहिलेले बरे. पंचांच्या अंगावर हात टाकणाऱ्यास उरलेल्या हंगामासाठी बाहेर ठेवतात आणि त्यावर अपील नसते. हंगाम सुरू झाल्यानंतर नियमांत बदल करता येत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच, आणि तोही सर्व संघनायकांच्या लेखी संमतीने, पुढच्या रविवारपासून लागू होतो.