दुर्मिळ नाण्यांचा लिलाव, कोल्हापूर

जुन्या नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची, म्हणजे सराफ काट्यावर टाकून मोडीच्या भावाने देतो ती. दुसरी संग्राहकाची. नाणे कोणत्या राजाचे, कोणत्या टांकसाळीचे, तसली आणखी किती उरली आहेत आणि झीज किती झाली आहे, यावर ती ठरते. ही दुसरी किंमत चारचौघांत बोली लावून ठरवण्याची पद्धत म्हणजे नाण्यांचा लिलाव. कोल्हापूर भागात सातवाहन काळापासून संस्थानी काळापर्यंतची नाणी सापडतात. मोठे लिलाव मात्र मुंबई, पुणे, अहमदाबाद, बेंगळुरू अशा शहरांत भरतात. आता बोली ऑनलाइनही लावता येते, त्यामुळे अंतराची अडचण उरलेली नाही. खरे नुकसान होते ते नाणे लिलावापर्यंत पोहोचण्याआधी, घरातच.

खास कोल्हापूरचे म्हणावे असे नाणे कुर राजांचे, म्हणजे सातवाहन काळात या भागावर राज्य करणाऱ्या स्थानिक राजांचे. शिसे आणि पोटीन (तांबे, कथील, शिसे यांचे मिश्रण) या धातूंच्या या नाण्यांवर एका बाजूला धनुष्यबाण व भोवती ब्राह्मी लेख असतो, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि झाड. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर ही तीन नावे त्यांवर वाचता येतात. त्यांचा क्रम सांगणारी वंशावळ कुठेही नाही. तो नाण्यांनीच सांगितला. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला छाप मारला, गोतमीपुताने आधीच्या दोघांच्याही नाण्यांवर. नव्या छापाखाली जुनी अक्षरे अर्धवट दिसत राहिली आणि त्यावरून कोण आधी, कोण नंतर हे ठरले. असे दुहेरी छापाचे नाणे अनोळखी डोळ्यांना बिघडलेले वाटते. जाणकार त्यासाठीच बोली वाढवतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले. तिथल्या वस्तू टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. घरातले नाणे विकायला काढण्यापूर्वी तिथे एक फेरी जरूर मारावी.

घरोघरी जास्त आढळते ती तांब्याची शिवराई: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवकाळानंतरही ती दीर्घकाळ पाडली जात होती आणि एकोणिसाव्या शतकातही चलनात होती, म्हणून साधी शिवराई दुर्मिळ नाही. नाण्याच्या चकतीपेक्षा ठसा मोठा असल्याने बहुतेक शिवराई नाण्यांवर काही अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. पूर्ण लेख चकतीवर मावलेली शिवराई म्हणूनच वेगळ्या भावाने जाते. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेला सोन्याचा शिवकालीन होन अत्यंत दुर्मिळ आहे. त्याचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास असते, आणि नकलाही त्याच्याच सर्वाधिक निघतात.

देवघरातल्या डब्यात राणीछाप आणि राजाछाप रुपये असतात. दर लक्ष्मीपूजनाला ते चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून लख्ख घासले जातात. भक्तिभावाने केलेल्या या कामात नाण्याचा वरचा थर निघतो, राणीच्या मुकुटावरची बारीक रेघ पुसली जाते, आणि संग्राहकाला घासलेला पृष्ठभाग लगेच कळतो. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या पुतळीचे आणि रुपयाचेही तसेच. कडी काढली तरी तिची खूण राहते, आणि लिलावाच्या यादीत ‘कडीची खूण’ असे लिहावेच लागते. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मोड म्हणून गेलेला रुपया तर आटवलाच जातो. त्यात १९११ चा रुपया असला तर हळहळच करावी. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, टांकसाळीने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. वाचलेल्या रुपयांना त्यामुळे वेगळी मागणी आहे. काळवंडलेले नाणे काळेच ठेवावे.

गुळाच्या सौद्यात व्यापारी रवा (गुळाची ढेप) पारखूनच भाव बोलतो. नाण्यांच्या लिलावातही बोलीआधी माल पाहायला मिळतो, आणि ज्याला येता येत नाही तो यादीतल्या छायाचित्रावर भिस्त ठेवतो. विक्रेता लिलाव संस्थेशी लेखी करार करतो. प्रत्येक नाण्याला किंवा नाण्यांच्या गटाला लॉट क्रमांक, अंदाजित किंमत आणि हवी असल्यास राखीव किंमत मिळते. राखीव किमतीपर्यंत बोली आली नाही तर नाणे परत येते. समजा, हातोडा १,००,००० रुपयांवर पडला, म्हणजे तीच शेवटची बोली ठरली, आणि विक्रेत्याचे कमिशन १० टक्के ठरले होते, तर त्याच्या हाती ९०,००० येतात. घेणाऱ्याला हातोड्याच्या रकमेवर संस्थेचे शुल्क आणि जीएसटी वेगळा भरावा लागतो. पैसे लगेच मिळत नाहीत, म्हणून मुदत करारात पाहून घ्यावी. ब्रिटिशकालीन यंत्रछाप नाण्यांसाठी नाण्याची स्थिती गुणांत मोजणारी ७० गुणांची शेल्डन श्रेणी वापरतात. शिवराईसारख्या हातठशाच्या नाण्याला मात्र गुणांपेक्षा अक्षरे किती वाचता येतात याला अधिक महत्त्व.

ओतीव नकलेच्या कडेला साच्याची शिवण आणि अंगावर हवेचे बारीक खड्डे दिसतात. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजेने थोडा घटेल, वाढणार नाही. हनुमान किंवा रामदरबार असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ लिहिलेली अर्ध्या आण्याची नाणी कंपनीने कधी काढलीच नाहीत. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात, ही अफवाही अनेकांना भोवली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आगाऊ शुल्क मागणाऱ्यांविरुद्ध बँकेने २०२१ मध्ये इशारा दिला होता. लिलावासाठी आगाऊ ‘कर’ भरा म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरते: ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. वारशाने आलेल्या नाण्याची गोष्ट वेगळी आणि नांगराला लागलेल्या हंड्याची वेगळी. जमिनीत दडलेला ऐवज १० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होते. चौकशीअंती ऐवज बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला मिळतो. सरकारला तो स्वतःकडे ठेवायचा झाल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावे लागते. हंडा परस्पर वाटून नाणी सुटी विकली, तर कोणत्या राजाची किती नाणी एकत्र पुरली होती ही माहिती कायमची जाते. पुढे त्यातले एखादे लिलावात आले तरी यादीत त्याच्या स्थळाची जागा कोरीच राहते.