एक दशांश सह्यांपासून तक्रार क्रमांकापर्यंत

रहिवाशांनी अर्ज द्यायचा आणि पालिकेने त्यावर कार्यवाही करायची, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की तो कधीतरी सुरू करावा लागला असेल असं वाटतच नाही. अर्ज पूर्वीही होते. राजाकडे, जमीनदाराकडे, धर्मपीठाकडे. पण त्या विनवण्या होत्या, ऐकल्या तर मेहेरबानी. रहिवाशांच्या मागणीला कायद्याने वजन ठरवून देणं बरंच अलीकडचं आहे.

त्याचा एक ठळक टप्पा म्हणजे इंग्लंडमधला १८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा. एखाद्या गावातल्या किमान एक दशांश करदात्यांनी सह्या करून मागणी केली, तर केंद्रीय आरोग्य मंडळाला तिथे निरीक्षक धाडता येई आणि पुढे पाणी, गटारं बघणारं स्थानिक मंडळ नेमता येई. सह्या आल्याच नाहीत तर? मग मृत्यूचं प्रमाण बघायचं. सात वर्षांची सरासरी दरहजारी २३ च्या वर गेलेली असेल, तर अर्जाची वाट न बघता चौकशी लावता येई. थोडक्यात मागा, नाहीतर मरा. कायद्याची भाषा अर्थातच सभ्य होती.

हॉवर्थ या यॉर्कशरमधल्या गावाने मागितलं. तिथले धर्मगुरू पॅट्रिक ब्रॉन्टी, म्हणजे ब्रॉन्टी लेखिकांचे वडील, यांनी पुढाकार घेऊन १८४९ मध्ये अर्ज केला. १८५० मध्ये बेंजामिन हर्शेल बॅबेज हे निरीक्षक आले आणि घरोघर फिरले. मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं, सहा वर्षांचं होण्याआधीच दगावणारी मुलं ४१.६ टक्के, शौचालयं साऱ्या गावात मिळून ६९, आणि दफनभूमी ओसंडून वाहिलेली. एवढं कागदावर आल्यावर काम झटपट व्हायला हवं होतं. पण कर वाढेल म्हणून काही मालमत्ताधारकांनी विरोध केला आणि पाण्याची सोय पुढे वर्षानुवर्षं रेंगाळली. अर्जाला उत्तर मिळणं आणि काम होणं यांतलं अंतर तेव्हापासूनचंच आहे.

पुढच्या शंभरेक वर्षांत पालिका मोठ्या झाल्या, खाती वाढली, आणि अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर आहे हे शोधणं हेच एक काम होऊन बसलं. इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्याने स्थानिक कारभारासाठी लोकपाल आला. गंमत अशी, की त्याच्याकडे तक्रार न्यायची तर ती आधी नगरसेवकामार्फत जावी लागे. ही अट सुटायला १९८८ उजाडलं.

खरा पालट फोनने केला. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये ३११ हा क्रमांक सुरू केला तो पोलिसांच्या सोयीसाठी; ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर किरकोळ कामांच्या फोनांची गर्दी होत होती. १९९९ मध्ये शिकागोने तोच क्रमांक शहराच्या सगळ्या सेवांसाठी वापरला, २००३ मध्ये न्यूयॉर्कने. तक्रारदाराला हातात तक्रारीचा क्रमांक मिळाला, आणि प्रशासनाला मोजता येईल असं काहीतरी. बाल्टिमोरने तर खड्डा ४८ तासांत बुजवण्याची हमीच दिली.

मोजण्याचा एक अनपेक्षित फायदाही झाला. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये अधूनमधून मेपलच्या पाकासारखा गोड वास पसरायचा आणि ३११ वर फोन यायचे. एकेक फोन सुटा घेतला तर त्यावर काय करणार? पण फोन आलेल्या जागा आणि त्या वेळचा वारा नकाशावर मांडल्यावर माग नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यापर्यंत गेला. तिथे सुगंधी द्रव्यांसाठी मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती! २००९ मध्ये हे जाहीर झालं. एकत्र सह्या कुणीच केल्या नव्हत्या, तरी सामूहिक अर्ज तयार झाला होता.

माझ्या मते या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. खड्डा, बंद दिवा, न उचललेला कचरा यांची तक्रार करता येते, कारण त्या वस्तू तिथे आहेत. वस्तीत नसलेलं वाचनालय, वृद्धांसाठी नसलेली बसायची जागा यांना तक्रार क्रमांक कसा द्यायचा? अर्जाच्या यादीत अशी मागणी ‘इतर’मध्ये जाते. आणि ‘इतर’ निकाली काढणं सर्वांत सोपं: ‘संबंधित विभागाकडे पाठवले.’ शिवाय ज्यांना फोन करायची सवय आणि सवड आहे, त्यांचे रस्ते आधी दुरुस्त होतात.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये, म्हणजे ३११ च्याही आधी, उलटी वाट धरली होती. तिथे सुट्या तक्रारींऐवजी वस्तीवस्तीच्या सभा भरत. रहिवासी मागण्यांचा क्रम लावत, प्रतिनिधी निवडत आणि नव्या कामांचा पैसा कुठे जाईल हे त्यातून ठरे. सहभागी अर्थसंकल्प म्हणून हीच पद्धत नंतर जगभर गेली. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या वस्त्यांनी अग्रक्रमाने मागितलं ते सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पक्के रस्ते. हॉवर्थची मंडळी निम्मी यादी तरी ओळखती.