आडवाटेच्या प्रवासातील जीपीएस व डिजिटल नकाशे

डांबर संपल्यानंतरच्या मुलखात, म्हणजे वाळवंटात, जंगलातल्या गाडीवाटेवर, नदीच्या कोरड्या पात्रात किंवा उघड्या माळावर, हातात मावणाऱ्या जीपीएस संचाच्या आणि नकाशा-सॉफ्टवेअरच्या मदतीने वाट आखण्याची, धरण्याची व नोंदवून ठेवण्याची पद्धत. चारचाकी, मोटारसायकल, सायकल आणि पायी अशा सर्व प्रवासांत ती वापरली जाते. शहरातल्या दिशादर्शनाशी तिचे साम्य फार वरवरचे आहे. शहरात यंत्र ‘पुढे उजवीकडे वळा’ म्हणते आणि चालक वळतो. आडवाटेवर यंत्र खात्रीने सांगू शकते ते एवढेच, की तुम्ही आत्ता कुठे आहात आणि इथवर कसे आलात. पुढे गाडी जाईल का, हे ज्याचे त्याने बघायचे असते.

जीपीएस ही मूळची अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा. तिचे काम १९७३ मध्ये सुरू झाले, पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली. सामान्य ग्राहकाला हातात धरून वापरता येईल असा पहिला संच, मॅजेलन कंपनीचा ‘नॅव्ह १०००’, १९८९ मध्ये बाजारात आला. त्या काळात नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत सरकायचे. १०० मीटरमध्ये दोन फाटे आणि एक कडा सहज बसतो, तेव्हा एवढ्या ढोबळ उत्तरावर फाटा निवडणे धोक्याचे होते. मे २००० मध्ये ही मिसळलेली चूक बंद करण्यात आली आणि आडवाटेच्या भटक्यांसाठी हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचे झाले. आता उघड्या आकाशाखाली साधा संचही साधारण पाच मीटरच्या आत स्थान दाखवतो.

संच फक्त ऐकतो, पाठवत काहीच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत किती वेळात पोहोचले यावरून तो अंतरे काढतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञात गोष्टी सोडवायच्या असल्याने किमान चार उपग्रह लागतात. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बेइदोऊ या यंत्रणांचे उपग्रहही आजचे संच वापरतात. खोल घळीत आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, तिथे हा फरक चांगलाच जाणवतो. अशा जागी संकेत कड्यावर आपटून उशिरा पोहोचतात आणि पडद्यावरचा बाण पलीकडच्या काठावर उडी मारतो. तेव्हा बाणामागे धावू नये. गाडी थांबवून मिनिटभर वाट पाहावी.

वापरणाऱ्यांच्या बोलण्यात तीन शब्द सतत येतात: वेपॉइंट, रूट आणि ट्रॅक. वेपॉइंट म्हणजे नाव दिलेला एक बिंदू: पाणवठा, फाटा, मुक्कामाची जागा. रूट म्हणजे असे बिंदू क्रमाने जोडून आखलेला बेत. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष चाललेल्या वाटेची संचाने ठरावीक अंतराने टिपलेली ठिपक्यांची माळ. रूट हा मनसुबा, ट्रॅक हा पुरावा. या तिन्ही गोष्टी एका उपकरणातून दुसऱ्यात नेण्यासाठी जीपीएक्स हा फाइलप्रकार रूढ आहे. त्याची २००४ मधली १.१ ही आवृत्ती आजही सर्रास चालते.

दुसऱ्याचा ट्रॅक मिळाला की अनेकजण तो संचात भरून थेट निघतात. खरे तर तो आधी वाचायला हवा. जीपीएक्समधल्या प्रत्येक ठिपक्याला सहसा अक्षांश-रेखांशाबरोबर उंची आणि वेळही असते, आणि बहुतेक गोष्ट त्या वेळेतच सापडते. समजा, ४० किलोमीटरच्या ट्रॅकमध्ये एक-दीड किलोमीटरचा असा तुकडा आहे की तिथे तीन तास गेले. एकाच जागी ठिपक्यांचा गुंता झालेला दिसला तर तिथे जेवण तरी झाले किंवा गाडी तरी रुतली. उंचीचा आलेख पाहावा. गुंता ओढ्याच्या तळाशी असेल तर जेवणापेक्षा चिखलाची शक्यता जास्त. ट्रॅक एका जागी जाऊन त्याच वाटेने मागे फिरला असेल तर पुढे रस्ता बंद होता असे धरून चालावे. मग तारीख बघायची. कोरड्या दिवसांतला ट्रॅक पावसानंतर काहीच हमी देत नाही. आणि गाडी कोणती होती? मोटारसायकल जिथून हँडल वाकडे करून निघते तिथे चारचाकीचे आरसेही मावत नाहीत.

नकाशांची बाजूही अशीच बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात कागदी स्थलदर्शक नकाशा स्कॅन करून त्यावरच्या काही बिंदूंचे अक्षांश-रेखांश हाताने भरायचे, म्हणजे तो ‘कॅलिब्रेट’ होई. ओझीएक्सप्लोरर हे सॉफ्टवेअर याच कामासाठी ऑफ-रोडवाल्यांत लोकप्रिय झाले. डॅशबोर्डवर लॅपटॉप, त्याला केबलने जोडलेला जीपीएस आणि कागदी नकाशाच्या चित्रावर सरकणारा ठिपका, अशी ती मांडणी असे. असा चित्ररूप नकाशा रास्टर. त्यात नकाशाकाराची सगळी चिन्हे जशीच्या तशी मिळतात, पण यंत्राला त्यातला रस्ता ‘कळत’ नाही. व्हेक्टर नकाशात रस्ता ही स्वतंत्र रेषा असते आणि तिच्यासोबत माहिती जोडलेली असते, म्हणून त्यावर मार्ग काढता येतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कच्च्या गाडीवाटांना पक्केपणानुसार पाच श्रेणी देण्याची सोय आहे. पहिली श्रेणी टणक, पाचवी मऊ माती किंवा गवत. ओस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारखी ॲप्स हाच साठा वापरतात आणि नेटवर्क नसताना चालतात, मात्र त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा.

अनेक डिजिटल नकाशांतल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार-मापनावर आधारलेल्या आहेत. या मापनाचा साठा साधारण ३० मीटरच्या चौकटीत विभागलेला आहे, त्यामुळे चौकटीच्या आत बसणारी पाच मीटरची पडझड किंवा ओढ्याची उभी दरड नकाशावर उमटतच नाही. म्हणून बेत आखताना उपग्रह-छायाचित्रही उघडावे आणि जुन्या तारखांची चित्रे मिळत असतील तर एकच ओढा दोन ऋतूंत पाहावा. एका चित्रात पांढरी वाळू आणि दुसऱ्यात काळपट पाणी दिसले, तर त्या ठिकाणी वेपॉइंट टाकून पर्यायी वाट आधीच शोधून ठेवता येते.

सर्वांत चोरटी चूक अंकांच्या लेखनात होते. अक्षांश २४ अंश १५.५० मिनिटे असे कोणी सांगितले आणि ऐकणाऱ्याने २४ अंश १५ मिनिटे ५० सेकंद असे भरले, तर काय होते? १५.५० मिनिटे म्हणजे १५ मिनिटे ३० सेकंद. फरक २० सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर ६०० मीटरहून जास्त. मदतीला येणारी दुसरी गाडी तेवढ्या अंतरावर दुसऱ्याच दरीत उतरेल. डेटमचेही, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले जातात त्या संदर्भ-चौकटीचेही, तसेच आहे. जुना कागदी नकाशा वेगळ्या डेटमवर आणि संच डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या डेटमवर असेल तर सगळे बिंदू एकाच दिशेला, काही ठिकाणी शेकडो मीटर, सरकलेले दिसतात. ताफ्यातल्या सगळ्यांनी निघण्यापूर्वी अंक लिहिण्याची मांडणी आणि डेटम एक करून, एक बिंदू मोठ्याने वाचून ताडून पाहणे हा उत्तम रिवाज आहे.

संचातली एक सेटिंग नवख्यांना हमखास चकवते. रस्त्यांसाठी बनवलेल्या उपकरणांत स्थान जवळच्या रस्त्यावर ओढून दाखवण्याची सोय असते. शहरात ती बरी, आडवाटेवर मात्र गाडी रस्त्यापासून ३० मीटर बाजूला असली तरी पडद्यावर ती रस्त्यावरच दिसते. ती बंद करावी. साध्या संचात दिशेचा बाण चालत असतानाच भरवशाचा असतो, थांबल्यावर तो भरकटतो. ज्यात चुंबकीय होकायंत्र आहे तो संच दिशा घेताना गाडीच्या पत्र्यापासून चार पावले दूर न्यावा. आणि ‘उरलेले अंतर ६ किलोमीटर’ हे हवाई अंतर आहे की वाटेचे, हे आधी पाहून घ्यावे.

मोबाइल आला तरी वेगळा संच टिकून आहे. मोबाइलचा पडदा मोठा, नकाशे सुंदर, पण ऊन, धूळ आणि हादरे यांत तो लवकर दमतो. काही संच पेन्सिल सेलवर चालतात, सेल बदलले की पुन्हा तयार. बटणे हातमोज्यांनीही दाबता येतात. गाडीत बसवताना काचेवर धातूचा पातळ थर असेल तर संकेत अडतो, तेव्हा अँटेना बाहेर काढावी लागते.

अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचे रक्षक ‘जीपीएसमुळे मृत्यू’ असा शब्दप्रयोग करतात. ऑगस्ट २००९ मध्ये तिथल्या निर्मनुष्य भागात आई आणि लहान मुलगा गाडी रुतून अडकले आणि मुलाचा जीव गेला. त्या मुलखात वापरात नसलेल्या वाटाही उपकरणांच्या नकाशात रस्ते म्हणून उरल्या होत्या. साधा जीपीएस कोणालाही हाक मारू शकत नाही. त्यासाठी उपग्रहामार्गे संदेश पाठवणारे वेगळे उपकरण किंवा ४०६ मेगाहर्ट्झवर चालणारा संकटसूचक लागतो. काही देशांत अशा उपकरणांना परवानगीही लागते. कागदी नकाशा, होकायंत्र आणि घरी ठेवलेली वाटेची प्रत यांची जागा संच घेत नाही.

परतल्यावर ट्रॅक जपून ठेवताना तारीख, गाडी आणि जमिनीची अवस्था सोबत लिहावी. दुसऱ्याला देण्यापूर्वी घराजवळचा तुकडा कापून टाकावा. नाजूक दलदलीतून किंवा वाळवंटी मातीवरच्या नाजूक कवचावरून गेलेला ट्रॅक उघडपणे टाकणे टाळावे, कारण एका गाडीची पुसट खूण पाहून मागून पन्नास गाड्या जातात आणि तिथे कायमची चाकोरी पडते.