हात फिरवलेले फोटो: टचिंगच्या पेन्सिलीपासून मोबाइलपर्यंत

जुन्या मराठी घरांत भिंतीवर टांगलेले आजोबा-पणजोबांचे फोटो एकदा अगदी जवळ जाऊन पाहावेत. टोपीच्या कडेला बारीक रेघ दिसते. खांद्याचा उतार जरा जास्तच गुळगुळीत असतो, कोटाचे बटण ब्रशने काढलेले कळते आणि मागे नुसता करडा धूर असतो. यातली अनेक माणसे एकट्याच्या फोटोसाठी स्टुडिओत कधी बसलीच नव्हती. कुठल्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत ती तिसऱ्या रांगेत उभी होती. माणूस गेल्यावर घरच्यांनी तो फोटो स्टुडिओत नेला, बोट ठेवून "हे आमचे दादा" असे दाखवले, आणि फोटोग्राफरने शेजाऱ्यांचे खांदे पुसून, एन्लार्जमेंट करून, दादांना वेगळे काढून दिले. त्या फोटोला हार पडला आणि पुढच्या पिढ्यांसाठी दादांचा चेहरा तोच ठरला.

मोबाइलवर फोटो एडिट करणे ही आजच्या मुलांची हौस समजली जाते, पण त्या हौसेचे घराणे जुने आहे. फोटोत जे यायला हवे होते ते आले नाही, म्हणून ते नंतर आणायचे. आपल्याकडच्या एडिटिंगचा बराचसा इतिहास या गरजेतून घडला, असे माझे ठाम मत आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर होऊन तेव्हा जेमतेम १५ वर्षे झाली होती. सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः फोटो काढत. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामांकित फोटोग्राफर झाले. म्हणजे ही विद्या इथल्या माणसांच्या हाती फार लवकर आली.

त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा फोटोग्राफर होता. मुंबईतल्या निरनिराळ्या जाती-जमातींच्या छायाचित्रांचा त्याचा दोन भागांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यातली चित्रे वरवर पाहिली तर माणसे मुंबईतल्या एखाद्या जागी उभी दिसतात. नीट पाहिले की पायांजवळची जमीन आणि मागचा देखावा यांचा सांधा जाणवतो. माणसे एकीकडे टिपली, देखावे दुसरीकडे टिपले आणि नंतर दोन्हींची सांगड घातली. असे करायला कारणही तसेच होते. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि वाळण्याआधी धुवावाही लागे. अंधारखोलीचा सगळा संसार उघड्यावर मांडून, एवढ्या माणसांना उन्हात स्थिर उभे करणे फार जिकिरीचे होते. आज ज्याला बॅकग्राउंड चेंज म्हणतात, ते मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी झालेले आहे. बाहेरून आलेल्या माणसाने स्थानिक लोकांची 'नमुने' म्हणून केलेली ही मांडणी आज खटकते, आणि खटकायलाच हवी. तरी सांधणीची ती कला नजरेआड करता येत नाही.

स्टुडिओंची संख्या वाढली तसा जोडकामाऐवजी पडदा आला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ साली मुंबईत स्टुडिओ काढला तोवर रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची आणि कुंडी हा सरंजाम ठरून गेला होता. पुढे तो तालुक्याच्या गावी पोहोचला, तिथून जत्रेत. जत्रेतल्या तंबूत प्लायवूडच्या मोटारीत बसून, नाहीतर पुठ्ठ्याच्या चंद्रकोरीवर टेकून काढलेले फोटो अनेक घरांत सापडतील. त्यात कोणी कोणाला फसवत नव्हते. मोटार खोटी आहे हे बसणाऱ्यालाही ठाऊक होते आणि फोटो पाहणाऱ्या सोयऱ्यांनाही.

दादासाहेब फाळके याच दुनियेतून आले, याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. मुंबईच्या जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, मग छपाईसाठी चित्रांचे ब्लॉक (ठसे) तयार करण्याचे आणि छपाईचे काम, असा त्यांचा प्रवास. पहिला चित्रपट काढण्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप उगवून वाढतानाचे चित्रण थोडे थोडे करून टिपले आणि काही दिवसांची वाढ पाहता पाहता पडद्यावर दाखवली. त्यांच्या चित्रपटांतले चमत्कार त्या अंधारखोलीतल्या सवयीचेच पुढचे पाऊल होते.

आता टचिंगकडे, म्हणजे निगेटिव्हवर हाताने केलेल्या दुरुस्तीकडे येऊ, कारण या कलेचा खरा गाभा तिथे आहे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत उतरत्या मेजावर दुधी काच बसवलेली असे, खाली उजेड परतवणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, तिच्यावर पेन्सिल धरावी म्हणून पातळ चिकट द्रव चोळायचा. पेन्सिलीचे टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखे लांब करायचे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावर जिथे सावली, तिथे निगेटिव्ह पारदर्शक. त्यामुळे डोळ्यांखालची काळी वर्तुळे किंवा कपाळावरच्या आठ्या घालवायच्या तर त्या पारदर्शक जागा पेन्सिलीच्या बारीक ठिपक्यांनी आणि स्वल्पविरामाएवढ्या फटकाऱ्यांनी भरायच्या. ठिपका जास्त झाला की प्रिंटवर पांढरा डाग उमटे. जिथे जास्त उजळ आले असेल तिथे ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडायचे.

या कामाला सर्वांत मोठे गिऱ्हाईक देवीच्या रोगाने दिले. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. त्याआधीच्या पिढ्यांत गालावर देवीचे व्रण असलेली माणसे गावोगाव होती आणि त्यांच्या मुलामुलींचे स्थळांसाठी फोटो निघत. एकेक व्रण म्हणजे एकेक खळगा, एकेका खळग्यात सावली, आणि प्रत्येक सावलीवर पेन्सिल. बघायला आलेल्या मंडळींना खरा चेहरा दिसायचाच होता. तरीही फोटो पाकिटातून परत येऊ नये, निदान भेट तरी व्हावी, एवढ्यासाठी तो टचमास्टर रात्र-रात्र मान मोडून बसे. आजच्या 'ब्यूटी फिल्टर'वर नाके मुरडणाऱ्यांनी हे काम आठवावे. गोरेपणाचा हव्यासही याच मेजावर पोसला गेला, हेही तितकेच खरे आहे. सावळ्या मुलीचा फोटो 'जरा उजळ' काढा, हे सांगणे नेहमीचे होते.

रंगीत फिल्म परवडत नव्हती तेव्हा ब्रोमाइडच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर हाताने रंग चढत. शालूचा काठ, कुंकू आणि मंगळसूत्र एवढेच रंगवलेले फोटो आजही सापडतात. लग्नाच्या फोटोंत एकाच फ्रेमवर दोनदा एक्स्पोजर देण्याची युक्ती लोकप्रिय होती. लेन्सपुढे काळा पुठ्ठा धरून निम्मी फ्रेम झाकायची, एक फोटो घ्यायचा, फिल्म न सरकवता दुसरी बाजू झाकून पुन्हा घ्यायचा. नवरदेवाच्या ओंजळीत नवरी, बदामाच्या आकारात दोघांचे चेहरे, एकच मुलगा स्वतःशी बुद्धिबळ खेळतोय, हे सगळे अशा पुठ्ठ्यांवर चाले. घरोघरी मात्र आग्फा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा. तो बडोद्यात तयार होई आणि एका रोलमध्ये १२ फोटो निघत. बारा फोटोंत सगळे नातेवाईक कसे बसणार? जे राहून गेले, ते पुढे स्टुडिओवाल्याच्या कात्रीकडे आले.

संगणकावरचे एडिटिंगही अंधारखोलीतूनच आले. अमेरिकेत थॉमस आणि जॉन नोल या भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात डार्करूम केली होती. १९८७ साली थॉमसने पडद्यावर करड्या छटा दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, दोघांनी तो वाढवला आणि १९९० च्या फेब्रुवारीत अडोबीने तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. त्यातल्या डॉज टूलचे चित्र म्हणजे तारेला लावलेली गोल चकती. प्रिंट काढताना एखादा भाग उजळ राहावा म्हणून ती चकती प्रकाशात हलवत. बर्न टूलवर हाताची मूठ आहे, कारण बाकीचा प्रकाश हाताने अडवून हवा तेवढाच भाग गडद करत. 'अनशार्प मास्क' हे नाव ऐकून नवशिके बुचकळ्यात पडतात. मूळ निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह ठेवून छापले की कडा ठसठशीत येतात, त्या जुन्या युक्तीचे ते नाव. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओवाल्यांनी हे सॉफ्टवेअर इंग्रजी फारसे न वाचता आत्मसात केले, त्यामागे हेही एक कारण असावे. हत्यारे ओळखीची होती.

१९९४ च्या फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे वेगवेगळे थर आले आणि जोडकाम पार बदलले. आता चूक झाली तरी मूळ फोटो शाबूत राही. २००० नंतर तालुक्याच्या स्टुडिओत लाल दिव्याच्या खोलीऐवजी स्कॅनर आणि कॉम्प्युटर आला. पासपोर्ट फोटोसाठी खुंटीवर टांगलेला एकुलता एक कोट जाऊन फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमधला कोट चिकटू लागला. तयार डिझाइनच्या डीव्हीडी विकत मिळू लागल्या, आणि १२ बाय ३६ इंची करिझ्मा अल्बममध्ये घराबाहेर न पडलेली जोडपी स्वित्झर्लंडच्या बर्फात उभी राहिली. पेंटरच्या हातचे बोर्ड मागे पडून फ्लेक्स आला. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर चेहरे कापून ओळीने लावायचे, नेत्याचा चेहरा सर्वांत मोठा. हे काम करतच महाराष्ट्रातली कितीतरी मुले कटिंग शिकली. या बॅनरबाजीने शहरे विद्रूप केली, उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. पण पेन टूलने केसांची कड सोडवायचे शिक्षण त्यांना दुसरीकडे कुठे फुकट मिळाले नसते.

मग फोन आला. स्नॅपसीड आणि पिक्सआर्ट ही फोटो एडिट करण्याची ॲप्स, दोन्ही २०११ ची. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर ती गावोगाव पोहोचली. शिवजयंतीच्या आधी रायगडाच्या फोटोवर ढग, भगवा प्रकाश आणि पडलेल्या वाड्यांच्या जागी उभे वाडे चढवणारी मुले बसस्टँडवर बसून हे काम करतात. आता न उरलेल्या वास्तूही माणसांसारख्याच फोटोत परत आणल्या जात आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात गूगलच्या जेमिनाय या एआय साधनातून स्वतःचे जुन्या सिनेमातल्या साडीतले फोटो करून घेण्याची लाट आली, तेव्हा बऱ्याच जणांनी त्याच साधनाने आई-वडिलांना शेजारी बसवले, कारण दोघांचा एकत्र फोटोच नव्हता.

जोडीच्या अशा फोटोत जुना टचमास्टर सर्वांत आधी नाकाची सावली पाही. वडिलांवर उजवीकडून उजेड आणि आईवर डावीकडून, तर दोघे एका खोलीत बसल्यासारखे वाटत नाहीत. तो आधी सावली बदलत असे. मशीन ते क्षणात करते, पण चेहराही बेमालूम थोडा बदलून टाकते आणि आई ओळखीची असूनही आई राहत नाही. दुसरा फरक मला अधिक गंभीर वाटतो. स्टुडिओत ज्याच्या घरचा फोटो तोच सांगायला बसलेला असे. आता कोणाचाही चेहरा कोणीही उचलू शकतो, आणि बायका-मुलींना त्याची झळ सर्वांत आधी बसते आहे.

हा इतिहास नीट लिहायचा तर पुरावे हवेत, आणि तेच संपत चालले आहेत. स्टुडिओ बंद पडले तेव्हा टचिंग केलेल्या निगेटिव्ह फेकल्या गेल्या, काही ठिकाणी त्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. प्रिंटवरून पेन्सिलीचे फटकारे दिसत नाहीत, ते निगेटिव्हवरच दिसतात. २००० नंतरच्या अल्बमांचेही तेच होते आहे: अल्बम पोहोचता झाला की हार्डडिस्कवर जागा करायला लेअरवाली फाइल उडवली जाते आणि सपाट जेपीजी तेवढी उरते. आजी-आजोबांच्या काळातले एखादे स्टुडिओवाले कुटुंब ओळखीचे असेल, तर माळ्यावरचे डबे विकण्याआधी त्यांना एकदा विचारावे.