नदीकाठची वर्णभेदी करमणूक उद्याने (अमेरिका)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत नद्यांच्या काठी चाललेली, कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारी खासगी करमणूक उद्याने. ओहायो नदीवरील सिनसिनाटीचे कोनी आयलंड (न्यूयॉर्कचे त्याच नावाचे ठिकाण वेगळे) व लुईव्हिलचे फाँटेन फेरी, वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीकाठचे ग्लेन एको आणि डेट्रॉइट नदीच्या मुखाजवळचे, कॅनडाच्या हद्दीतील बॉब-लो बेट ही ठळक उदाहरणे होत.

नदीकाठ निवडला गेला तो धंद्याच्या हिशेबाने. आगबोट कंपन्यांना उन्हाळ्यात सहलीचे उतारू हवे असत आणि ट्राम कंपन्यांना सुटीच्या दिवशीचे रिकामे डबे भरायचे असत, म्हणून मार्गाच्या शेवटच्या टोकाला उद्यान उभे राही. ग्लेन एको १९११ पासून ट्राम कंपनीच्याच मालकीचे होते. बेटावर तर बोटीशिवाय जाताच येत नसे, त्यामुळे कोणाला आत घ्यायचे याचा निवाडा धक्क्यावरच होई.

बंदीला कायद्याचा आडोसा होता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कायद्याचे समान संरक्षण देणारी संविधानातील चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी धंदेवाल्याला नाही. ओहायोत १८८४ पासून राज्याचा भेदभावबंदी कायदा होता, तरी सिनसिनाटीत अडवणूक बिनदिक्कत चाले. दाद मागायची तर अडवलेल्या माणसाने स्वतः खटला भरायचा. फलक लावण्याचीही गरज नसे. ग्लेन एकोत फाटकावर तिकीट नव्हते, प्रत्येक खेळाचे तिकीट आत खिडकीवर मिळे, आणि जाहिरातींत बंदीचा चकार शब्द नसे. काम भागे ते पहारेकऱ्यांवर.

ज्या साधनांनी बंदी राबवली, त्यांतूनच ती पुढे न्यायालयात अडचणीत आली. पहिले साधन बोट. जून १९४५ मध्ये सेरा एलिझाबेथ रे या कृष्णवर्णीय तरुणीला वर्गातील गोऱ्या मैत्रिणींबरोबर बॉब-लोला निघाली असता ‘कोलंबिया’ बोटीवरून उतरवले गेले. मिशिगन राज्याच्या भेदभावबंदी कायद्याखाली बोट कंपनीला २५ डॉलर दंड झाला. बोट परदेशात जाते, सबब राज्याचा कायदा लागू नाही, असा कंपनीचा बचाव होता. तो अगदीच पोकळ नव्हता: १८७८ मध्ये मिसिसिपीवरील आगबोटीच्या खटल्यात याच धर्तीच्या युक्तिवादाने लुइझियानाचा भेदभावबंदी कायदा निष्प्रभ ठरला होता. १९४८ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ही वाहतूक मुळात डेट्रॉइटचीच, असे म्हणून दंड कायम केला.

दुसरे साधन पहारेकऱ्याचा बिल्ला. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा गट ग्लेन एकोत शिरला. गोऱ्या सहकाऱ्यांनी काढलेली तिकिटे घेऊन काही जण मेरी-गो-राउंडच्या लाकडी घोड्यांवर बसले. पहारेकऱ्याने वंश विचारला, तेव्हा एकाने ‘मानववंश’ असे उत्तर दिले. अतिक्रमणाच्या आरोपाखाली पाच जणांना अटक झाली. पहारेकरी खासगी संस्थेच्या पगारावर होता. पण उद्यानाच्या विनंतीवरून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफने, म्हणजे पोलीसप्रमुखाने, त्याला अधिकार दिले होते, आणि बिल्लाही शेरीफचाच होता. मालकांना अटकेची सोय हवी होती, तीच अंगलट आली. अटक करणारा सरकारी अधिकारी ठरला, म्हणजे भेदभाव सरकारचा ठरला आणि २२ जून १९६४ रोजी शिक्षा रद्द झाल्या. उद्यान मात्र निकालाची वाट न पाहता १९६१ च्या हंगामातच सर्वांना खुले झाले होते. १९६० चा उन्हाळाभर फाटकावर निदर्शने झाली होती आणि शेजारच्या बॅनकबर्न वसाहतीतील गोरे रहिवासीही त्यांत उभे राहिले होते.

सर्वांत उशिरा खुले झाले ते पाणी. सिनसिनाटीत मॅरियन स्पेन्सर या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने १९५२ मध्ये कोनी आयलंडविरुद्ध खटला भरला. १९५५ मध्ये पाळणे खुले झाले, पण ४०१ बाय २०० फुटांचा सनलाइट हा पोहण्याचा तलाव व नृत्यगृह १९६१ पर्यंत बंदच राहिले. दोन्ही वंशांचे स्त्री-पुरुष अर्ध्या कपड्यांत एकत्र येणार, हीच खरी धास्ती होती. स्वच्छतेची सबब सांगितली जाई, ती वरवरची.

सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला मनाई करणाऱ्या २ जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर ‘खासगी क्लब’ ही पळवाट उरली. आर्कान्सामधील लेक निक्सन या करमणूक स्थळी २५ सेंटमध्ये हंगामाचे ‘सभासदत्व’ मिळे, अर्थात गोऱ्यांनाच. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बनाव फेटाळला. उपाहारगृहातील पदार्थांचा काही माल परराज्यातून येतो, म्हणून धंदा आंतरराज्य व्यापारात मोडतो व त्याला केंद्राचा कायदा लागू होतो, हा मुद्दाही त्यात कामी आला.

फाँटेन फेरी १९६४ मध्ये खुले झाले आणि मे १९६९ मधील दंगलीनंतर बंद पडले. ग्लेन एकोतील पाळणे १९६८ मध्ये थांबले. प्रवेश खुला झाल्यामुळेच उद्याने बुडाली, असे सर्रास सांगितले जाते. ते अपुरे आहे. सिनसिनाटीचे पाळणे १९७२ मध्ये किंग्स आयलंड या नव्या उद्यानात गेले, त्याचे मोठे कारण ओहायोचे वारंवार येणारे पूर हे होते. शिवाय ट्राम बंद झाल्या होत्या, आणि महामार्गालगतच्या नव्या उद्यानांना मोटारींसाठी लागणारी मोकळी जागा या जुन्या काठांवर नव्हती.