पार्मोट्रेमा

पार्मोट्रेमा ही पार्मेलिएसी कुलातली, पानांसारख्या पसरट शैवाकांची प्रजाती. उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत तिच्या सुमारे तीनशे जाती आढळतात; बहुतेक झाडांच्या सालीवर, काही खडकांवरही. इटालियन अभ्यासक मास्सालोंगो यांनी १८६० मध्ये ती वेगळी मांडली, पण पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ तिच्या जाती पार्मेलिया या अवाढव्य प्रजातीतच गणल्या गेल्या. १९७४ मध्ये अमेरिकन शैवाकतज्ज्ञ मेसन हेल यांनी तिला पुन्हा स्वतंत्र स्थान दिले.

शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचे सहजीवन. येथे ट्रेबॉक्सिया हे हिरवे शैवल अन्न तयार करते आणि कवक त्याला आसरा देते. साल हा नुसता आधार. झाडातला रस शोषला जात नाही. खोडावर राखाडी ठिगळे दिसली की ती खरवडून काढणारे बागायतदार उगाच कष्ट घेतात.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. खंड, म्हणजे पानासारखे फाटे, रुंद, गोलसर, कडांना उचललेले. वरची बाजू राखाडी, खालची काळी, मात्र कडेलगत तपकिरी पट्टा असतो आणि त्यावर साल धरून ठेवणारे धागे नसतात. अनेक जातींच्या कडांना काळे केस असतात. जाती ठरवताना मात्र रसायनांची मदत लागते. पार्मोट्रेमा टिंक्टोरमच्या आतल्या पांढऱ्या थरावर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकले की लेकॅनोरिक आम्लामुळे तो लाल होतो. हीच जाती अमोनियात मुरवली की जांभळा रंग मिळतो.

मराठी स्वयंपाकघरात ही प्रजाती दगडफूल म्हणून येते. पार्मोट्रेमा पर्लाटम ही त्यातली मुख्य जाती, पण बाजारातल्या पुडीत इतर शैवाकेही सर्रास मिसळलेली असतात. सालीचे तुकडे आणि कचरा निवडून टाकावा लागतो. कोरड्या दगडफुलाला वास जेमतेम. तेलावर परतले की मातकट, धुरकट सुगंध सुटतो. गोड्या मसाल्यात ते धणे-खोबऱ्याच्या मानाने अगदी थोडे पडते, तरी वगळले तर चव लगेच उघडी पडते.

हा माल शेतात पिकत नाही, जंगलातून गोळा होतो. वाढ वर्षाला काही मिलिमीटरच असल्याने खोड पूर्ण खरवडले की ते पुन्हा भरायला बरीच वर्षे जातात.